घसारा वहीतला आणि यंत्रातला

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव आणि त्याला जवळजवळ लागूनच वसलेले पुलगाव यांचा आर्थिक इतिहास हा एका अर्थाने फिरत्या यंत्रांचा इतिहास आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोचला आणि वर्धा नदीवरील पुलाजवळच्या स्थानकाभोवती पुलगावची वस्ती वाढू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कापडगिरणी उभी राहिली. १९१७ मध्ये आर्वीपर्यंत अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली. कापसाच्या हंगामात रेचे फिरू लागले आणि प्रेसमध्ये रुईच्या गासड्या बांधल्या जाऊ लागल्या. पुढे विहिरीवरची मोट गेली, तिच्या जागी पंप आला. जात्याच्या जागी पिठाची चक्की आली. गिरणीचे ते वैभव आता राहिलेले नाही आणि आर्वीच्या गाडीची शिटीही ऐकू येत नाही. तथापि या परिसरात फिरणाऱ्या आसांची संख्या कमी झालेली नाही. ती वाढलीच आहे. शेत, घर, दुकान आणि कारखाना यांपैकी कोठेही पाहिले तरी लहानमोठी मोटार दिवसरात्र फिरत असते आणि कोणाचे ना कोणाचे पोट त्या फिरण्यावर अवलंबून असते.

जे फिरते ते झिजते, हे सांगण्यास कोणा शास्त्राची गरज नाही. गरज आहे ती ही झीज वेळीच ओळखण्याची. यंत्र मोडते ते बहुधा एकाएकी मोडल्यासारखे दिसते. वस्तुतः ते त्यापूर्वी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, आपल्या आवाजातून तशी सूचना देत असते. ही सूचना ऐकण्याची विद्या आज पुष्कळच प्रगत झाली आहे आणि पूर्वीच्या मानाने स्वस्तही झाली आहे. असे असूनही ग्रामीण उद्योगांतील व शेतीतील यंत्रे मोडल्यानंतरच दुरुस्तीला जातात. याचे कारण तंत्रज्ञानाच्या अभावात शोधण्यापेक्षा हिशेबाच्या पद्धतीत आणि अधिकाराच्या वाटणीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

वहीतील घसारा

जमाखर्चाच्या वहीत यंत्राच्या झिजेला ‘घसारा’ म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. त्यामागील आकडा मात्र तितका नेमका नाही. आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या शिल्लक किमतीवर दरसाल १५ टक्के घसारा धरण्याची रीत आहे. म्हणजे एक लाखाचे यंत्र वर्षअखेर पंच्याऐंशी हजारांचे होते आणि दुसऱ्या वर्षअखेर बहात्तर हजार अडीचशेचे. यंत्र रात्रंदिवस राबले काय किंवा वर्षातून पाच महिने चालले काय, त्याला वेळेवर वंगण मिळाले काय किंवा न मिळाले काय, या आकड्यात पडणारा फरक अगदी थोडा असतो. करआकारणीसाठी अशी ठोकळ पद्धत सोयीची आहे आणि तिला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो या आकड्यालाच यंत्राची प्रकृती समजण्याच्या सवयीत. वहीतील घसारा दिनदर्शिकेप्रमाणे चालतो. लोखंडातील झीज स्वतःच्या गतीने चालते.

ही गती किती लहरी असते याचा उत्तम नमुना म्हणजे बेअरिंग. फिरणाऱ्या आसाला आधार देणारी ही वस्तू म्हणजे दोन पोलादी कडी, त्यांच्यामधील पोलादी गोळ्या किंवा रोळ, आणि त्यांना सारख्या अंतरावर ठेवणारा पिंजरा. स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पामग्रेन या अभियंत्यांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचे गणित मांडले. जगभर आजही मूलतः तेच वापरले जाते. त्यातील दोन गोष्टी सामान्य माणसानेही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट केला तर तिचे आयुष्य निम्मे होत नाही, ते एक अष्टमांशावर येते. पंपाचा पट्टा घसरू नये म्हणून तो वाजवीपेक्षा अधिक ताणणारा शेतकरी नकळत हेच करीत असतो. दुसरी गोष्ट अशी, की एकाच कारखान्यातील, एकाच मापाच्या आणि एकाच भाराखाली चालणाऱ्या बेअरिंगांचे आयुष्य सारखे नसते. निर्माते जे आयुष्य छापतात त्याचा अर्थ एवढाच, की शंभरांपैकी नव्वद बेअरिंगा तेवढा काळ टिकाव्यात. उरलेल्या दहा त्याआधीच जातात, आणि नव्वदांपैकी कित्येक त्याच्या कितीतरी पट काळ चालतात. यातली कोणती बेअरिंग दहांतली आणि कोणती नव्वदांतली, हे वहीवरून समजण्याचा मार्ग नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे ठरावीक मुदतीने यंत्र उघडून भाग बदलणे. तो वरकरणी शहाणपणाचा वाटतो. पण त्यातही पैसा वाया जातो आणि कधीकधी अपायही होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारा विभागातील विमानांच्या देखभालीचा अभ्यास वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या गटाने केला, तेव्हा असे आढळले की ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर लगेच बिघाडांचे प्रमाण वाढते आणि पुढे हळूहळू कमी होते. सुरळीत चालणारे यंत्र उघडले की त्यात धूळ जाते, एखादा बोल्ट सैल राहतो, एखादा भाग तिरका बसतो. सारांश, मोडेपर्यंत वाट पाहणे महाग आणि गरज नसता उघडणेही महाग. तिसरा मार्ग एकच उरतो: यंत्र न उघडता त्याची प्रकृती जाणणे.

कानाची विद्या

हा मार्ग कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वैद्यकात छातीचे ठोके ऐकण्याची नळी १८१६ मध्ये फ्रान्समध्ये लेनेक याने प्रथम वापरली. गिरणीतल्या फिटरची नळी म्हणजे त्याचा पेचकस. त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाशी धरायची आणि ऐकायचे. सलग घरघर असेल तर यंत्र निरोगी. कोरडी चीं-चीं असेल तर वंगण संपलेले. ठराविक तालावर टकटक असेल तर कड्याला खड्डा पडलेला. रेल्वेतही हीच विद्या होती. हातोडीने चाकावर ठोका मारून त्याच्या नादावरून तडा ओळखणारे कामगार एकेकाळी स्थानकास्थानकांवर असत, आणि गाडी स्थानकात शिरत असताना रुळाच्या बाजूस राहून चाकांकडे पाहण्याची व त्यांचा आवाज ऐकण्याची तपासणी रेल्वेने पुढेही चालू ठेवली. वर्धा–बडनेरा मार्गावरून धावणाऱ्या प्रत्येक मालगाडीत शेकडो बेअरिंगा असतात. जुन्या वाघिणींच्या ॲक्सलबॉक्समध्ये तेलात भिजवलेल्या सुती वा लोकरी धाग्यांचा बोळा असे. तो सुकला की आस तापून धूर येई. आता रोलर बेअरिंगा आल्या आणि धूर येण्याचे प्रसंग कमी झाले. पण बेअरिंग बंद डब्यात गेल्यामुळे तिची प्रकृती नजरेने कळेनाशी झाली. म्हणूनच आवाजाचे महत्त्व वाढले.

कानाने जे जाणवते त्याचे गणित सोपे आहे. शेतीपंपाची किंवा कारखान्यातील नेहमीची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे करते, म्हणजे सेकंदाला २४. तिच्या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या आहेत असे समजू. आस एक फेरा करतो तेवढ्या वेळात गोळ्यांचा पिंजरा सुमारे चार दशांश फेरा करतो. बाहेरच्या स्थिर कड्यावर जर बारीकसा खड्डा पडला असेल, तर त्यावरून सेकंदाला सुमारे ८६ वेळा गोळी जाईल आणि तितक्याच टिचक्या उमटतील. खड्डा आतल्या कड्यावर असेल तर हीच संख्या सुमारे १३० होते. आसावरील चाकाचा तोल बिघडला असेल तर दर फेऱ्यास एक धक्का बसतो, म्हणजे सेकंदाला २४. दातेरी चाकाचा दोष त्याच्या दात्यांच्या पटीत बोलतो. म्हणजे प्रत्येक दोषाला स्वतःचा ताल आहे, आणि ताल ओळखला की यंत्र न उघडता दोषाची जागा सांगता येते.

अडचण एवढीच, की हे सारे ताल एकाच गोंगाटात मिसळलेले असतात. कोणतीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत विभागता येते, हे फ्रेंच गणिती फूरिये याने उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात दाखवले होते. ते विभाजन संगणकाकडून झटपट करून घेण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून यंत्राच्या आवाजाचे पृथक्करण हा प्रयोगशाळेबाहेरचा व्यवसाय झाला. पुढची पायरी म्हणजे कानाच्या पलीकडचे ऐकणे. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. पोलादात तडा वाढू लागतो तेव्हा निघणाऱ्या लहरी याहून कितीतरी वरच्या असतात. त्या टिपणारी उपकरणे बेअरिंगला पहिला ओरखडा पडतो तेव्हाच खूण करतात. त्यानंतर काही काळाने कंपने वाढतात, मग आवाज कानाला जाणवतो, मग घर तापते, आणि शेवटी धूर. जो धुराची वाट पाहतो तो सर्वांत शेवटची सूचना वाचत असतो.

उशिरा कळलेली सूचना

हा क्रम किती महत्त्वाचा आहे हे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाइन या गावाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अनुभवले. तेथून जाणाऱ्या मालगाडीच्या एका वाघिणीची बेअरिंग बिघडत चालली होती. मार्गावर आवाजाची नव्हे, तर उष्णतेची नोंद घेणारी यंत्रे होती. पहिल्या यंत्राने बेअरिंग भोवतालच्या हवेहून सुमारे २१ अंश सेल्सिअसने अधिक तापल्याचे नोंदवले, दुसऱ्याने सुमारे ५७ अंशांनी, आणि पहिल्यापासून पन्नासएक किलोमीटर पुढच्या तिसऱ्याने सुमारे १४१ अंशांनी. पहिल्या दोन नोंदी गाडी थांबवण्याच्या मर्यादेच्या आत होत्या. तिसरी मर्यादेबाहेर होती, पण तोवर वेळ निघून गेली होती. ३८ डबे घसरले, विषारी रसायनांना आग लागली आणि रहिवाशांना घरे सोडावी लागली. रुळालगत आवाज टिपून बेअरिंगचा दोष आधीच ओळखणारी यंत्रे त्या श्रीमंत देशातही फार थोड्या ठिकाणी आहेत. भारतीय रेल्वेने अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी अशी ध्वनियंत्रे बसवण्यास सुरुवात केली आहे, ही समाधानाची बाब होय; पुलगावसारख्या स्थानकावरून जाणाऱ्या अवजड वाहतुकीचा विचार करता तिचा विस्तार लवकर व्हावयास हवा.

पण यंत्र बसवले म्हणजे काम झाले असे नव्हे. रशियातील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले, पाण्याच्या दाबाने अजस्र यंत्र उखडले गेले आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या टर्बाइनची कंपने अपघातापूर्वी कित्येक दिवस वाढत होती. वीज हवी होती, म्हणून यंत्र चालू राहिले. येथे सूचना मिळाली नव्हती असे म्हणता येत नाही. ती मिळूनही यंत्र थांबवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. ज्याला ऐकू येते त्याला थांबवण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो ऐकण्याच्या जागी नाही, असा हा पेच आहे. तो सायबेरियात जितका खरा आहे तितकाच वर्धा जिल्ह्यातील जिनिंगमध्येही खरा आहे.

हंगामातील एक दिवस

जिनिंगचा धंदा दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा. याच चारपाच महिन्यांत वर्षाची कमाई व्हावयाची असते. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना रेच्याची किंवा रुई वाहून नेणाऱ्या पंख्याची बेअरिंग गेली, तर त्या दिवसाचा तोटा केवळ मालकाचा नसतो. रांगेतील शेतकऱ्याची गाडी अडते, तिचे भाडे चढते. रोजंदारीवरील मजुरांचा खाडा होतो. प्रेस रिकामी राहते. आणि याहून मोठा धोका आगीचा. झिजलेली बेअरिंग तापते, तिच्याभोवती रुईचा बारीक कस्तर साचलेला असतो, आणि ठिणगी पडायला एवढे पुरते. रब्बीच्या हंगामात विहिरीवरील मोटारीचे असेच होते. बेअरिंग झिजून आतला फिरता भाग घासू लागतो, मोटार जळते आणि ती रिवाइंडिंगला तालुक्याच्या गावी पडून असते. तोवर हरभरा किंवा गहू ऐन पाण्याच्या वेळी कोरडा राहतो. रिवाइंडिंगचे बिल शेतकऱ्याच्या लक्षात राहते. पीक किती उतरले याचे बिल कोणी लिहीत नाही.

या तोट्याचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एका जिनिंगमध्ये हंगामभर यंत्रांचा आवाज नियमित तपासण्याचा खर्च ५,००० रुपये आहे आणि एका मोठ्या मोडतोडीने मालकाचे ४०,००० रुपयांचे नुकसान होते. तपासणी नसताना मोडतोडीची शक्यता चारात एक आणि तपासणी असताना विसात एक असेल, तर अपेक्षित नुकसान १०,००० वरून २,००० वर येते. आठ हजार वाचतात, पाच हजार खर्च होतात. मालकाला तपासणी परवडते. आता यंत्रे नवी आहेत आणि शक्यता दहात एकवरून पन्नासात एकवर येणार आहे असे धरू. नुकसान ४,००० वरून ८०० वर येईल; वाचतील फक्त ३,२००, आणि खर्च तर ५,००० आहे. शहाणा मालक तपासणी करणार नाही, आणि त्याच्यापुरते त्याचे बरोबरही असेल. मात्र त्याच मोडतोडीत शेतकरी, मजूर आणि गाडीवाले यांचे मिळून आणखी ४०,००० रुपये बुडत असतील, तर सर्वांचे मिळून ६,४०० रुपये वाचतात आणि तपासणी परवडू लागते. खाजगी वहीत जी तपासणी तोट्याची, तीच गावाच्या वहीत फायद्याची ठरते. अशा ठिकाणी केवळ मालकाच्या सद्बुद्धीवर विसंबून भागत नाही. तेथे सहकाराने किंवा शासनाने वाटा उचलावा, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे.

या विषयाकडे राष्ट्रीय हिशेब म्हणून पाहिले गेल्याचा दाखलाही आहे. ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांचा विचार करून असे मत दिले, की या बाबतीत योग्य ज्ञान वापरले तर देशाचे दरसाल सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील. त्यापूर्वी वंगण ही कामगाराच्या हातातील तेलदाणीची गोष्ट समजली जात असे.

मगनवाडीचा वारसा

वर्धा जिल्ह्याला मात्र हा विचार ब्रिटनकडून घेण्याचे कारण नाही. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाच्या वतीने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या स्पर्धेच्या अटी आजच्या यंत्रखरेदी समित्यांनी अभ्यासाव्यात अशा होत्या. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, एवढेच सांगून गांधीजी थांबले नाहीत. वेळोवेळी देखभाल झाली तर ते किमान वीस वर्षे चालावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, अशीही अट होती. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण खरेदीच्या वेळीच झिजेचा आणि दुरुस्तीचा हिशेब मागणारी ती दृष्टी मोलाची होती. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने वर्ध्याच्या मगनवाडीत बसून टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करीत आहे. ग्रामीण यंत्रांच्या प्रकृतितपासणीचे केंद्र व्हावयास याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

आक्षेप आणि मर्यादा

या विद्येविषयी अवास्तव आशा बाळगणेही बरे नव्हे. आजच्या भ्रमणध्वनीच्या ध्वनिग्राहकाला माणसाइतकेच, म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते आणि त्यावर आवाजाचे पृथक्करण करणाऱ्या प्रणालीही मिळतात. तथापि एका रांगेत पंचवीस रेचे धडधडत असताना हवेतून आलेला आवाज नेमका कोणाचा, हे सांगणे कठीण. तेथे बेअरिंगच्या घराला चिकटवलेला कंपनमापकच उपयोगी पडतो. फार संथ फिरणाऱ्या यंत्रात टिचकीचा जोरच कमी असल्याने दोष उशिरा कळतो. शिवाय पहिल्याच दिवशी घेतलेली एकटी नोंद निरुपयोगी असते. यंत्र निरोगी असताना, त्याच जागी आणि त्याच भाराखाली घेतलेली नोंद हाताशी असेल तरच पुढची नोंद अर्थ सांगते. दोष प्रथम जाणवल्यापासून यंत्र मोडेपर्यंत जो अवधी मिळतो, त्याच्या निम्म्याहून अधिक अंतराने तपासणी होत असेल तर तीही फुकट. आणि खोट्या सूचना दोनतीनदा आल्या की चौथ्या खऱ्या सूचनेकडे दुर्लक्ष होते, हा माणसाचा स्वभावच आहे. यातून एवढेच निष्पन्न होते, की उपकरणापेक्षा शिस्त महाग आहे. रोजची नोंदवही ठेवणारा एक माणूस नसेल तर महागडे उपकरण कपाटात पडून राहते.

असा माणूस गिरणीत होता. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्यानंतर हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्या झाल्या. या गिरण्यांतील जॉबर, फिटर आणि तेलवाले यांनी तीन पिढ्या ही कानाची विद्या जोपासली. खात्यातील शेकडो चात्यांच्या घरघरीत एका चातीचा बदललेला सूर त्यांना समजे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात उतरली नाही. गिरण्या बंद पडल्या आणि ती माणसांबरोबर निघून गेली. त्याहून खेदाची गोष्ट ही, की ज्या कानांनी यंत्रांची झीज ओळखली ते कान यंत्रांनीच झिजवले. गोंगाटाने येणारा बहिरेपणा सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासच्या उंच सुरांपासून सुरू होतो, आणि बेअरिंगची पहिली कुरकुर उमटते तीही अशाच उंच सुरांत. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील रोगांच्या सूचीत गोंगाटजन्य बहिरेपणाचा समावेश पुढे झाला; पण हंगामी जिनिंगमधील रोजंदार स्त्री-पुरुषांच्या कानांची तपासणी कितीशी होते? यंत्राच्या घसाऱ्याला वहीत निदान एक रकाना आहे. कामगाराच्या कानाच्या घसाऱ्याला तोही नाही. यंत्रे तपासणारी व्यवस्था उभी करताना त्याच व्यवस्थेने आवाजाची पातळी मोजावी आणि कानांचे रक्षण करावे, अशी अपेक्षा करणे अवाजवी नव्हे. झिजलेले यंत्र अधिक गोंगाट करते. तेव्हा वेळेवर दुरुस्ती हाच कामगाराच्या कानावरील पहिला उपचार आहे.

काय करता येईल

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. एकेका जिनिंगला किंवा एकेका शेतकऱ्याला उपकरण घेणे परवडणार नाही. पण नाचणगाव–पुलगाव परिसरातील जिनिंग, पिठाच्या चक्क्या, तेलघाण्या, पाणीपुरवठ्याचे पंप आणि शेतकऱ्यांच्या मोटारी मिळून एक फिरते तपासणीपथक सहज पोसू शकतील. सहकारी संस्थेने उपकरणे घ्यावीत. आयटीआयमधील फिटर आणि मोटार दुरुस्तीच्या विद्यार्थ्यांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी नोंदींचे पृथक्करण करावे. कापसाच्या यंत्रांविषयी मार्गदर्शन करण्यास केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे नागपुरातील जिनिंग प्रशिक्षण केंद्र जवळच आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक जिनिंगचे आधुनिकीकरण झाले. नव्या यंत्रांना अनुदान मिळाले तसे जुन्या यंत्रांच्या देखभालीला मिळाले असते तर त्या अनुदानाचे आयुष्यही वाढले असते. आपल्या सार्वजनिक व्यवहारात उद्घाटनाला पाहुणे मिळतात. वंगण घालण्याला कोणी पाहुणा येत नाही. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेपासून राज्याच्या वीजकेंद्रांपर्यंत हा दोष सारखाच आहे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. त्यांच्या वारसांनी पुढे मोटारी बांधल्या तेव्हा हेच तत्त्व माणसांना लावले: दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी आणि काम थांबवावे. अशा थांबण्याने उत्पादन बुडते ही समजूत त्या कारखान्यांनी खोटी ठरवली. आपल्याकडे यंत्र थांबवणाऱ्या कामगाराला आधी जाब द्यावा लागतो आणि यंत्र मोडल्यावर त्याच्याच रोजाला कात्री लागते. हे उलटे झाले पाहिजे. यंत्राचा आवाज बदलला अशी नोंद ज्याने वहीत केली त्याला संरक्षण असावे, आणि ती नोंद वाचूनही ज्याने यंत्र चालू ठेवले त्याच्याकडे जाब असावा. नोंदवहीत सही कोणाची, या एका प्रश्नावर सगळ्या उपकरणांचे मोल ठरणार आहे.

देखभालीला खर्च म्हणायचे की गुंतवणूक, हा वाद अर्थशास्त्रात पूर्वीपासून चालत आला आहे. गरीब समाजापुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याच्यापाशी भांडवल विपुल आहे त्याला मोडलेले यंत्र टाकून नवे घेणे परवडते. ज्याने सोसायटीचे कर्ज काढून एक मोटार घेतली आहे, त्याच्यासाठी त्या मोटारीचे एक अधिक वर्ष म्हणजे एक कर्ज कमी. विदर्भातल्या कापूसउत्पादकाला भाव, पाऊस आणि कर्ज यांच्याबाबत फारसे काही आपल्या हाती ठेवता आलेले नाही. विहिरीवरची मोटार आणि गावची जिनिंग ऐन हंगामात बंद पडू नये, एवढी गोष्ट तरी माणसाच्या हातात आहे. तिच्यासाठी लागणारी विद्या उपलब्ध आहे, ती शिकण्यास तयार असलेले तरुण गावोगाव आहेत आणि ती शिकवू शकणाऱ्या संस्था जिल्ह्यातच आहेत. त्यांना एकत्र आणण्याचे काम येत्या हंगामापूर्वी सुरू झाले, तर त्याचा हिशेब पहिल्याच वर्षी मांडून पाहता येईल.